मुंबई ते माळवद

त्या काळी सोलापुरात निम्मा संसार माळवदावर चालायचा. घरांच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या आणि वर मातीची सपाट छपरं, तीच माळवदं. उन्हाळा लागला की अंथरुणं वर जायची, पाण्याची घागर वर जायची, कुरडया वाळायला वर जायच्या, आणि खाली सुरू झालेलं भांडणही उकडायला लागलं की वरच येऊन पुरं व्हायचं. दोन माळवदांच्या मधे गुडघाभर उंचीचा कठडा, बस्स. त्यामुळे गोजर आणि अजीजा एकमेकींच्या घरी दारातून कधी गेल्याच नाहीत. दार पाहुण्यांसाठी असतं. या दोघी कठड्यावरून जायच्या.

गोजर ही कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणाऱ्या रामहरीची मुलगी. अजीजाचे वडील मकदूम त्याच गिरणीत, शेजारच्या साच्यावर. दोघी अकरा वर्षांच्या. मुलींच्या शाळेत एकाच पट्टीवर बसायच्या आणि कुणाची पाटी कुठली याचा रोज घोळ घालायच्या. दोघींच्या घरांत एकच फरक गोजरला सलायचा. अजीजाच्या माळवदावर कबुतरं होती आणि गोजरच्या माळवदावर कुरडया.

मकदूमची ढाबळ म्हणजे जुन्या फळ्या ठोकून केलेलं एक भलंमोठं कपाट. संध्याकाळी गिरणी सुटली की तो तोंडसुद्धा न धुता वर यायचा, ढाबळीचं दार उघडायचा आणि तोंडात दोन बोटं घालून शीळ मारायचा. मग आभाळ फडफडायचं. त्या थव्यात सगळ्यांत पुढे लाखी. अंगाचा रंग लाखेसारखा, म्हणून नाव लाखी. अंड्यातून निघाली आणि चारच दिवसांत तिच्या आईला मांजरानं नेलं, तेव्हा अजीजानं ज्वारी चावून मऊ करून तिला आपल्या तोंडानं भरवलं होतं. गोजरनंही भरवलं होतं, पण आईची पाठ वळल्यावर.

कारण गोजरच्या आईचा, बजाबाईचा, पाखरांवर भारी राग. "माझ्या कुरडईवर एक शिंतोडा उडू दे," ती कठड्याशी उभी राहून अजीजाच्या आईला बजावायची, "एकेकाचं पीस उपटून तुझ्या पदरात घालीन, मदिनाबी."

"घाल की वैनी," मदिनाबी म्हणायची. "उशी तरी हुईल."

आणि इतकं झाल्यावर दोघी एकाच सोऱ्याला दोन बाजूंनी हात लावून कुरडया घालायला बसायच्या.

गल्लीच्या टोकाला हिंदुराव टांगेवाला राहायचा. त्याची ढाबळ मकदूमच्या दुप्पट. कबुतरं पाळणाऱ्यांचा एक कायदा असतो. तो कुठल्या कचेरीत लिहिलेला नसतो, पण मोडत कुणी नाही. दुसऱ्याचं पाखरू आपल्या माळवदावर उतरलं आणि हाताला लागलं, तर ते आपलं. मागायला जायचं नाही आणि रडायचं तर मुळीच नाही. मकदूमची तीन पाखरं हिंदुरावकडे गेली होती, हिंदुरावची चार मकदूमकडे आली होती. त्यांचं सगळं वैर आणि सगळी दोस्ती या एका कायद्यावर चालली होती.

त्या वर्षी चैत्रात गिरणीची एक पाळी बंद झाली आणि मकदूमचं काम गेलं. मुंबईला मदनपुऱ्यात त्याचा चुलतभाऊ होता. तिथे एका कारखान्यात जागा होती. जायचं ठरलं.

"पाखरं हिंदुरावला देऊन टाकतो," मकदूम संध्याकाळी माळवदावर बसून म्हणाला. तो बोलत होता बायकोशी, पण बघत होता आभाळाकडे.

"लाखी न्हाई द्यायची," अजीजा म्हणाली. "लाखीला मुंबईला न्हेऊ."

"बेटा, खोली एवढी हाय की पाय पसरले तर दाराभाईर जातात. आणि मोठं झालेलं पाखरू नव्या जागी बसत न्हाय. दार उघडलं की ते हिकडं यायला बघणार. जलमभर कोंडून घालशील तिला?"

अजीजानं ढाबळीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मग येऊ दे की हिकडं."

"कुटनं? मुंबईहून?" मकदूम हसला, पण हसू काही तोंडभर पसरलं नाही. "दौंडाच्या पल्याड माझं पाखरू कदी गेलं न्हाय. म्होरं घाट हाय, ससाणे हायत. आणि आली, तर उतरणार कुटं? ढाबळ तर मोडणार."

अजीजानं कठड्यापलीकडे गोजरकडे पाहिलं. गोजरनं आईकडे पाहिलं. बजाबाई वाळलेल्या कुरडया डब्यात भरत होती.

"आये," गोजर म्हणाली, "लाखी मुंबईहून आली तर आपल्याकडं ठेवू?"

"मुंबईहून?" बजाबाईनं हातातली कुरडई खाली ठेवली. "अगं, आगीनगाडीला अख्खी रात लागती तितनं यायला. बरं, आईक. सकाळी सोडलेली त्याच दिशी, दिवा लागायच्या आत हितं आली, तर ठेव बाई. मी सोता ज्वारी घालीन तिला. आणि न्हाई आली, तर पुन्यांदा या घरात कबुतराचं नाव काढायचं न्हाय. कबूल?"

टोमणाच तो. पण पोरींना टोमणा आणि करार यांतला फरक कळत नाही, आणि कळला तरी त्या कळू देत नाहीत.

"कबूल," दोघी एकदम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेत गोजरनं जोतीराम मास्तरांना विचारलं, "गुर्जी, मुंबई किती लांब हाय?"

जोतीराम मास्तर वयस्क होते. काळी टोपी, खांद्यावर उपरणं, आणि घाई नावाची वस्तू जवळ अजिबात नाही. उत्तर म्हणून ते कधी सांगायचे नाहीत. एक प्रश्न विचारला की ते दुसरा हातात द्यायचे.

"कुणाला जायचंय, त्यावर आहे ते," ते म्हणाले.

"पाखराला."

वर्गातल्या पोरी खिदळल्या. मास्तर हसले नाहीत. त्यांनी भिंतीवरचा नकाशा खिळ्यावरून काढला, जमिनीवर पसरला आणि चारी कोपऱ्यांवर चार पाट्या ठेवल्या. "सूत आहे का कुणाजवळ?"

सोलापूरच्या पोरीच्या अंगावर कुठेतरी सुताचा धागा सापडणार नाही, असं व्हायचं नाही. चार धागे पुढे आले. मास्तरांनी एक लांबसा घेतला, त्याचं टोक सोलापुरावर धरायला गोजरला सांगितलं आणि अजीजाला म्हणाले, "आता आगीनगाडी जाते तसं तू ने बघू. काळी रेघ सोडायची नाही."

अजीजा धागा रेघेवर बसवत निघाली. कुर्डुवाडी, दौंड, पुणे, मग घाटातली वळणं, कल्याण, मुंबई. मुंबईला पोचल्यावर तिनं धाग्याला गाठ मारली.

"आता ओढ."

तिनं धागा ताणला. रेघेवरून उठून तो नकाशावर सरळ झाला, आणि गाठ मुंबईवरून सरकत निळ्या समुद्रात जाऊन पडली. पोरी पुढे झुकल्या.

"हा जास्तीचा धागा कुणाचा?" मास्तरांनी विचारलं.

"आगीनगाडीचा, गुर्जी."

"तिला का लागतो?"

"तिला गावं घ्यायची असतात."

"डोंगर टाळायचा असतो."

"पाणी भरायचं असतं."

"आणि पाखराला?"

पोरींनी विचार केला. "पाखराला कायबी लागत न्हाय," अजीजा म्हणाली, आणि सगळ्यांना ते पटलं.

मास्तरांनी नकाशाच्या कोपऱ्यातल्या मोजपट्टीवर धागा धरून दाखवला. गाडीचे पावणेतीनशेच्या वर मैल होते. पाखराचे सव्वादोनशेसुद्धा भरेनात. मग ते म्हणाले, "आता पाखरू किती जोरात उडतं, ते मला ठाऊक नाही. तुम्हीच सांगा."

"अब्बा गार्डाच्या हाती लाखीला कुर्डुवाडीला देत्यात," अजीजा म्हणाली. "तिथनं सोडली की तासाभरात येती."

कुर्डुवाडी धाग्यावर मोजली. चाळीस मैल. मग पाट्यांवर भागाकार सुरू झाले. कुणाचं उत्तर तीन आलं, कुणाचं पन्नास. मास्तर एकेकीच्या पाटीवर वाकून "हं, मग पुढं?" इतकंच म्हणत फिरले, आणि तास संपता संपता सगळ्यांचं एकच उत्तर आलं. साडेपाच तास.

"म्हणजे दिस उगवायला सोडली तर दुपारी जेवायला हितं!" गोजर ओरडली.

"टपालाचं इमान तर दोनच तासांत येईल," मागून एक जण म्हणाली. "माझ्या मामानं बघितलंय, वैरागवरनं जातं ते."

"मग त्याला अंडं घालाय सांग," अजीजा म्हणाली.

निघायच्या दिवशी स्टेशनवर गोजर गेली होती. बजाबाईनं कुरडयांचा एक डबा पुढे केला, मदिनाबीनं तो घेतला, आणि दोघींनी तोंडं दोन दिशांना फिरवली. अजीजाच्या मांडीवर बांबूची करंडी होती आणि तिच्यावर फडकं बांधलं होतं. गोजरनं फडक्याच्या फटीतून बोट आत घातलं. लाखीनं ते हळूच चोचलं.

"रविवारी," अजीजा म्हणाली. "दिस उगवताना."

"रविवारी," गोजर म्हणाली. गाडी हलली.

आता जे झालं ते गोजरच्या हातून झालं, आणि प्रेमानं झालं.

घरमालक गुरुसिद्धप्पानं शुक्रवारी मकदूमची ढाबळ मोडून फळ्या नेल्या. शनिवारी त्याचे गडी पांढरी माती घेऊन आले. पावसाळ्याआधी दर वर्षी माळवदावर तिचा थर देतात, म्हणजे गळत नाही. गोजरला आनंद झाला. तिनं गड्यांना सांगून मकदूमच्या माळवदाला पहिला नंबर लावला. सगळी घाण, जुना कडबा, पाण्याचं फुटकं परळ, पाखरांनी वर्षानुवर्षं केलेले डाग, सगळं मातीखाली गेलं. ती स्वतः धुमस घेऊन माती चोपत होती. संध्याकाळी माळवद असं दिसू लागलं की जणू पिठानं माखलेला पाट. मग तिला वाटलं, पाहुणी येणार, तीही इतक्या लांबून, आणि दारात रांगोळी नाही? आता पाखराचं दार म्हणजे कुठलं? माळवदच की! तिनं आईच्या डब्यातली रांगोळी घेतली, गुलाल घेतला, हळद घेतली, आणि रविवारी उजाडायच्या आत मकदूमच्या माळवदावर एक भलंथोरलं कमळ काढलं. वरून दिसावं म्हणून पाकळ्या वावभर लांब.

टांग्याला घोडा जुंपताना हिंदुरावनं वर पाहिलं. "काय गं, नवरी उतरायचीय व्हय माळवदावर?"

"लाखी यायचीय, मामा. मुंबईहून."

हिंदुरावनं मिशीवरून हात फिरवला. "आली तर चांगलंच हाय. पण माझी पाखरं रोजच्यासारखी उडणार बघ. त्यात मकदूमचीबी हायत. लाखी त्यांच्यासंगं माझ्याकडं उतरली, तर कायदा ठावं हाय न्हवं?"

गोजरला ठाऊक होता.

सकाळ गेली. ऊन चढलं. रविवार म्हणून गिरणीचा भोंगा नव्हता, त्यामुळे वेळ अंगावर येऊन नुसता बसून राहिला होता. दुपारच्या सुमारास जोतीराम मास्तर छत्री घेऊन आले आणि धाप टाकत शिडी चढून कठड्याच्या सावलीत बसले. त्यांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं, मग आभाळ पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ की गोजरला रडू येऊ लागलं. पायाखालची माती तव्यासारखी तापली होती, तरी ती सावलीत येईना.

बजाबाई आपल्या माळवदावर कुरडया उलटायला आली. "आली का गं मुंबईवाली?"

"येईल."

"येईल, येईल. घाटात कुणाच्या तरी पोटात गेली आसंल."

"आये!"

बजाबाई पुन्हा कुरडयांवर वाकली. पण कुरडया उलटून झाल्यावरही ती खाली गेली नाही. डोळ्यांवर पंजा धरून पश्चिमेकडे बघत थोडा वेळ उभी राहिली.

"गुर्जी, गणित चुकलं व्हय?" गोजरनं विचारलं.

"भागाकार बरोबर होता," मास्तर म्हणाले. "पण तू सकाळपासून किती वेळा पाणी प्यालीस?"

"लई येळा."

"आणि लाखी?"

गोजरनं घागरीकडे पाहिलं.

"आपण तिला गणितात तहानच लावली नाही," मास्तर म्हणाले. "आगीनगाडीला पाणी लागतं, हे तुम्ही मला सांगितलंत. पाखराला काही लागत नाही म्हणालात, तेव्हा मीही तुमच्याबरोबर मान हलवली. आता वाट बघू. ती झाडाखाली बसली असेल. दुपारी शहाणं माणूस तेच करतं."

ऊन कलायला लागलं तेव्हा कुणाच्या तरी माळवदावरून पोरं ओरडली. पश्चिमेकडे, गिरणीच्या धुराड्याच्या बाजूला, एक ठिपका होता. तो मोठा झाला. त्याला पंख फुटले. पंख जड उडत होते, एका अंगाला कलत होते. पण डोक्यावर आले तेव्हा उन्हात तो लाखेचा रंग झळकला.

लाखी! मुंबईहून!

सगळी गल्ली माळवदांवर आली. "आऽ आऽ" म्हणून हाका सुरू झाल्या, कुणी थाळी वाजवली, कुणी धोतर हलवलं. लाखीनं मकदूमच्या माळवदावर एक घिरटी घातली, दुसरी घातली, उतरण्यासाठी पंख आवरले, आणि एकदम दचकल्यासारखी वर उसळली. पुन्हा घिरटी. पुन्हा तेच. सव्वादोनशे मैल आलेलं पाखरू शेवटचे चाळीस हात उतरेना.

"ये की गं! हितंच हाय की घर!" गोजर हात पसरून ओरडली. लाखी आणखी वर गेली.

त्याच वेळी हिंदुरावच्या माळवदावरून शीळ आली आणि त्याचा थवा उठला. लाखीनं मान वळवली. जुनी ओळख असावी. ती थव्यात शिरली.

गोजर तीन कठडे ओलांडून धावली. "मामा! तुमची पाखरं खाली घ्या ना! पाया पडते!"

"कायदा हाय पोरी," हिंदुराव म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता, वर बघत होता. त्यानं दुसरी शीळ घातली, थवा गिरकी घेऊन उतरू लागला, आणि त्याच्यामागून लाखीही उतरली. ढाबळीच्या कडेला बसली. चोच उघडी होती, छाती धडधडत होती, एका पंखातली दोन पिसं तुटून गेली होती. हिंदुरावचा हात तिच्यापासून वीतभर लांब होता. नुसती मूठ मिटायची होती.

गोजरनं डोळे मिटून घेतले.

"हाड्!" हिंदुराव ओरडला आणि त्यानं दोन्ही हातांनी जोरात टाळी वाजवली.

गोजरनं डोळे उघडले तेव्हा लाखी पुन्हा आभाळात होती, आणि हिंदुराव आपल्या एकेक पाखराला ढाबळीत कोंबून कडी लावत होता.

"मुंबईहून आलेलं पाखरू असं फुकट धरू व्हय?" तो स्वतःवरच चिडल्यासारखा म्हणाला. "मकदूमला काय सांगू? तुझी लाखी घाट चढून आली आणि मी ती माठातल्या पाण्यागत उचलली? चल, दाव तुझं माळवद. उतरत का न्हाय बघू."

मकदूमच्या माळवदावर येऊन त्यानं ते कमळ पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं ए शाणे! ही काय लक्ष्मी हाय, रांगोळीवरनं आत यायला? तिनं घर सोडलं तवा हितं ढाबळ हुती, डाग हुते, कडबा हुता. आता वरनं बघती तर खाली हे पांढरंफटक, आणि मधी तांबडं तोंड वासलेलं. तुझं घर कुणी असं केलं तर तू आत जाशील?"

गोजरचं तोंड कमळापेक्षा लाल झालं.

"ओरडू नका तिला," मास्तर म्हणाले. "आता काय करायचं, ते सांगा."

"रांगोळी पुसा. आणि सगळी खाली उतरा. थाळ्या बंद, हाका बंद. वर बगायचंबी न्हाय. दमल्यालं पाखरू डोळ्यांना भितं."

गोजरला ते सगळ्यांत जड गेलं. दिवसभर जे आभाळ तिनं डोळ्यांनी धरून ठेवलं होतं, ते आता सोडून द्यायचं. तिनं परकराच्या घोळानं कमळ पुसलं, रडत पुसलं, आणि शिडी उतरून घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. मास्तर तिच्याजवळ बसले. हिंदुराव उंबऱ्यावर बसला. बजाबाई चुलीपाशी. गल्ली इतकी चिडीचूप झाली होती की खुंट्याला बांधलेला घोडा शेपूट झाडतो तेही ऐकू येत होतं.

घरात काळोख साचू लागला. समोरच्या घरात दिवा लागला. मग पलीकडच्या. गोजरला न बघता कळत होतं, कारण एकेका घरातून दिव्याला हात जोडून म्हटलेली ओळ ऐकू येत होती. तिनं आईकडे पाहिलं. आई भिंतीतल्या देवळीपाशी उभी होती. दिव्यात तेल होतं, वात होती.

"बजाबाई," समोरची म्हातारी मथुराबाई दारातून म्हणाली, "तिन्हीसांजा झाल्या की गं. दिवा?"

"काडी पेटंना," बजाबाई म्हणाली. "सादळलीया."

चैत्राच्या महिन्यात सोलापुरात काडी सादळली! मथुराबाईनं एकदा बजाबाईकडे पाहिलं, एकदा उंबऱ्यावर बसलेल्या टांगेवाल्याकडे पाहिलं, आणि "सादळती, सादळती कदी कदी," असं म्हणत ती आत गेली.

बजाबाईनं काडीपेटी मुठीत घट्ट धरली होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं दिव्याची वेळ चुकवली नव्हती. बाळंतपणातसुद्धा खाटेवरून तिनं दुसऱ्याकडून लावून घेतला होता. आता घर काळंमिट्ट झालं तरी ती तशीच उभी होती.

मग झरोक्यातून आवाज आला. वरून उजेड यावा म्हणून माळवदाला एक भोक ठेवलेलं असतं, त्यातून. आधी टक्, टक् असं काहीतरी. मग घूं घूं. मग पुन्हा टक्.

हिंदुरावनं बोट ओठांवर ठेवलं. पण बजाबाई आधीच शिडीवर होती. गोजर तिच्या मागून चढली.

लाखी मकदूमच्या माळवदावर गेलीच नव्हती. ती उतरली होती गोजरच्या घरावर, जिथे माती जुनी होती आणि गडबडीत उचलायच्या राहून गेलेल्या कुरडया अजून पसरलेल्या होत्या. त्यांच्या मधोमध उभी राहून ती एक कुरडई चोचीनं मोडत होती. कुरकुर आवाज येत होता. बाजूच्या चार कुरडयांवर तिनं आपल्या येण्याची खूणही करून ठेवली होती.

गोजरनं आईकडे पाहिलं.

"खा बाई," बजाबाई म्हणाली. आवाज नेहमीसारखा खडा निघाला नाही. "ज्वारी घालीन म्हणलं हुतं. तर ही कुरडईच खाया बसली. मदिनाबीनं सांगून धाडलं आसंल." तिनं पदर डोळ्यांना लावला, मग खाली वाकून तिनं लाखीला दोन्ही हातांत उचललं. पहिल्यांदाच धरत होती, त्यामुळे धरणं जरा भाकरी धरल्यासारखं झालं. लाखीनं काही तक्रार केली नाही.

मग सगळे खाली आले आणि दिवा लागला. काडी पहिल्या घासण्यालाच पेटली.

"आता अजीजाला कळवलं पाहिजे," मास्तर म्हणाले. तिकडे ती बिचारी सकाळपासून जिवाला घोर लावून बसली असणार. पाखरू एका दिवसात आलं, पण त्याची बातमी आगीनगाडीनंच जाणार होती, आणि तोवर तिला काहीच कळणार नव्हतं. त्यांनी पिशवीतून एक कार्ड काढलं, दिव्याजवळ धरलं आणि टाक उचलला. "हं. लाखी पोचली. किती वाजता?"

गोजरनं हिंदुरावकडे पाहिलं. हिंदुरावनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी खिशावर हात ठेवला. घड्याळ आत होतं, चालू होतं, आणि दुपारनंतर ते कुणी बघितलंच नव्हतं. लाखी नेमकी कधी टेकली, ते भिंतीकडे तोंड करून बसलेल्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

"गणितासाठी पोचल्याची वेळ हवी गं," मास्तर म्हणाले. "नाहीतर मैलांना भागायचं कशानं?"

"लिवा," बजाबाई चुलीजवळून म्हणाली, "दिवा लागायच्या आत."

मास्तरांनी तसंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी पोरींना सगळा दिवस उलगडून सांगितला आणि विचारलं, गणितात आपण काय काय धरलं नव्हतं? तहान, म्हणाल्या पोरी. ऊन. ससाणा. रांगोळी, म्हणाली गोजर, आणि पहिल्यांदा तिला स्वतःलाच हसू आलं. फळ्यावर भागाकार मांडला होता. वेळेची जागा मास्तरांनी मोकळी ठेवली, आणि महिना सरेपर्यंत ती पुसली नाही.

आठवड्याभरानं मदनपुऱ्याहून कार्ड आलं. अक्षर वेडंवाकडं, शाई सांडलेली. मजकूर मोठा नव्हता. अब्बा कार्ड ऐकून खिडकीत जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ फिरलेच नाहीत, असं अजीजानं लिहिलं होतं. हिंदुरावमामांना सलाम लिहिला होता. अम्मा म्हणते, वैनीला म्हणावं पुढल्या वर्षी कुरडया कुणाबरोबर घालणार, असं लिहिलं होतं. आणि खाली, जागा उरली नव्हती म्हणून कडेनं उभ्या ओळीत, असं:

"मूर्ख गोजरे, सारा दिवस माळवदावर बसून ती किती वाजता आली एवढंसुद्धा तुला बघता आलं नाही?"

गोजरनं ते कार्ड आईला वाचून दाखवलं. मग मास्तरांना. मग माळवदावर जाऊन, लाखी तिच्या पायाशी ज्वारी टिपत असताना, ती शेवटची ओळ तिनं पुन्हा एकदा मोठ्यानं वाचली, तशीच, अजीजाच्या आवाजात.